नानांच्या हाताचं सील

नाना, तुमच्या हॉलमधली ती मोठी खिडकी मी बदलली. तुम्ही सहा वर्षं बदलू दिली नाहीत, आणि तुम्ही गेल्यावर सातव्या दिवशी मी औजारांची पिशवी घेऊन सुभानपुऱ्याला गेलो. सुतकात घरात काम काढू नये म्हणतात. पण काकूंचाच फोन आला होता. म्हणाल्या, "तेराव्याला माणसं येतील. त्या बारीसमोर बसतील आणि तिच्यावर बोलतील. मी बोलले तेवढं बस झालं."

काकू खिडकीला बारीच म्हणतात. तुम्हीही म्हणायचात. बडोद्यात तुमच्या किती पिढ्या गेल्या, घरात मराठी जपली, तरी खिडकीची गुजराती बारी झालीच. मी उदगीरच्या पलीकडचा. आमच्याकडे बारी म्हणजे पाळी. पहिल्या आठवड्यात तुम्ही कुणाला तरी "उद्या काकूंची बारी बघायची आहे" म्हणालात, तेव्हा काकूंची कसली पाळी, हे मी दोन दिवस शोधत होतो. विचारायची हिंमत नव्हती. सातवी सोडलेला माणूस विचारत नाही, नाना. त्याला वाटतं, विचारलं की उघडा पडलो.

चौदा वर्षं तुमच्याकडे काढली. छाणीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये काचकामाला आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि मला अर्धं आणि पाव यांच्या पुढचं माप कळत नव्हतं. शाळेत अपूर्णांकांपाशीच माझी गाडी अडली होती. गुरुजींनी फळ्यासमोर उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही. तुम्ही काचेचे टाकाऊ तुकडे घेतलेत, एक कापून दोन केलेत, दोनाचे चार, चाराचे आठ. "हा आठवा भाग. एका इंचातला असा एक, म्हणजे एक सूत. झालं. याच्यासाठी शाळा सोडलीस होय रे?" असं म्हणालात. हसला नाहीत. मग मापांची वही माझ्याकडे दिलीत, आणि मराठीतच लिही, रोज लिही, असं बजावलंत. आज हे एवढं लिहितोय ते त्या वहीमुळे. आणि इतकं सलग लिहिता येतंय, तेही तिच्यामुळेच.

थांबतो मध्येच. तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आलो. बायको म्हणते, "बसा एका जागी." तिला कसं सांगू, बसलं की तेच डोळ्यासमोर येतं.

ते भेजाचं तुम्हाला आठवत असेल. म्हणजे, आठवत होतं. तुम्ही तर ते सगळ्यांना सांगायचात. डबल काचेच्या दोन काचांमध्ये कडेनं जी पोकळ पट्टी बसते तिच्यात आपण ते बारीक पांढरे दाणे भरतो, आतली ओल शोषून घेणारे. त्यांचा डबा उघडा राहिला तर ते बाहेरच्या हवेतलीच ओल पिऊन फुकट जातात. माझ्या पहिल्याच दिवसांत मी डबा उघडा टाकला आणि शेडमधले जुने मुकेशभाई ओरडले, "अल्या, डबो बंध कर, भेज लागी जशे!" गुजरातीत भेज म्हणजे ओल, हे मला काय माहीत? मी समजलो, हा माणूस माझा भेजा काढतोय. मी म्हटलं, "भेज्यावर जाऊ नका, तोंड सांभाळून बोला." मुकेशभाई बघतच राहिले. तुम्ही काच हातातून खाली ठेवून हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेडचं शटर ओढताना तुमची एकच हाक: "भास्कर, भेजं बंद आहे ना?" म्हणजे डबा बंद केलास ना. आणि माझं उत्तर ठरलेलं: "माझं तर कायमचंच बंद, नाना!" मुकेशभाई हसायचे, तुम्ही हसायचात, शटर खाली यायचं.

किती वर्षं चाललं हे. इतकी की पुढे ती चौकशी आहे की थट्टा, ते तुम्हालाही कळेनासं झालं असेल. मला तर झालंच होतं.

सहा वर्षांपूर्वीची सातम-आठम, गोकुळाष्टमीची सुट्टी. शेड तीन दिवस बंद राहणार होती. हवा अशी की वाळत घातलेला शर्ट दोन दिवस तसाच. मुकेशभाईंना गावाला जायचं होतं, तुम्हाला काकूंनी दोनदा फोन केला होता, मला बायकोला आणायला स्टेशनवर जायचं होतं. तुम्ही स्कूटरवर बसून, हेल्मेट घालता घालता ओरडलात, "भास्कर, भेजं बंद आहे ना?" आणि मी तिथूनच, मागे वळूनसुद्धा न बघता, म्हटलं, "माझं तर कायमचंच बंद, नाना!"

मी थट्टेला उत्तर दिलं. डब्याकडे पाहिलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पहिला आलो. झाकण बाजूला पडलेलं होतं. तीन दिवस, तीन रात्री त्या हवेत तो डबा आ वासून. मी झाकण लावलं. तेव्हा मी नवखा नव्हतो, नाना. आठ वर्षं झाली होती. ते दाणे गेले, हे मला त्या क्षणी कळलं होतं.

आणि त्या दिवशी पहिलं काम कुठलं? तुमच्याच घरची खिडकी. रस्त्यावर बसचा आवाज वाढला म्हणून काकू मागे लागल्या होत्या, आणि गणपतीच्या आत बसवायचं तुम्ही कबूल केलं होतं. नवा डबा अहमदाबादहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. मी सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता, गणपती तसेच गेले असते, काकू बोलल्या असत्या. एवढंच. एवढंच होणार होतं! पण मला तेव्हा वाटलं, हा मला घरी पाठवणार. मला नेहमीच वाटतं की कुणीतरी मला घरी पाठवणार. डोक्यात उदगीरच्या स्टॅण्डवर पिशवी घेऊन उभा असलेला मी दिसायला लागलो. दोन तास उन्हात ठेवले दाणे. उन्हानं काही होत नाही हेही माहीत होतं. तेच भरले.

काचांच्या कडा बंद करायचं सील मात्र तुम्ही केलंत. घरचं काम म्हणून स्वतः बसलात. ते काळं सील पात्यानं कडेनं असं ओढायचात की मध्ये जोड कुठे आहे ते सापडायचं नाही. छाणीत सगळ्यांना माहीत होतं, नानांच्या हाताचं सील.

पहिल्याच थंडीत, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, सकाळी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वाफ धरलेली काकूंना दिसली. त्यांनी आतून पुसली, मग स्टूल घेऊन बाहेरून पुसली, वर्तमानपत्रानं पुसली, व्हिनेगरनं पुसली. मग मला बोलावलं.

"काकू, ती आत आहे. दोन काचांच्या मध्ये."

"मग आत जाऊन पूस."

"जाता येत नाही, काकू."

"लोकांच्या घरी बरं जाता येतं तुम्हाला!" मग तुमच्याकडे वळून, "गावभर काचा आणि घरी मोतीबिंदू. अहो, ऐकताय का? शेजारच्या म्हणतात, भोक पाडून आत गरम हवा मारतात."

"भोक तुझ्या शेजारणीच्या काचेला पाडतो," तुम्ही म्हणालात.

पुढच्या पावसाळ्यात एसी लावला की अर्धी खिडकी पांढरी व्हायला लागली. नंतर ऊन पडूनही जाईना. समोरचा रस्ता, बसस्टॉप, सगळं दुधात बुडवल्यासारखं. आणि तुम्ही काय केलंत? अंगठ्यानं कडेकडेनं सील दाबत गेलात, चारही बाजूंनी, डोळे मिटून. मी शेजारी उभा. मला वाटलं, आता म्हणतील दाणे. आता म्हणतील. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "माझंच कुठेतरी कच्चं राहिलंय. सापडत नाही, पण राहिलंय."

सोमवारी शेडमध्ये तुम्ही सीलचं पातं माझ्यापुढे ठेवलंत. "आता तू बस इथे. माझा हात गेला."

नाना, मी ते पातं घेतलं. तोंडातून शब्द काढला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला आनंदही झाला होता. दुपारी आईला फोन करून सांगितलं, "आई, मी सीलवर बसलो, नानांच्या जागेवर." आई म्हणाली, पेढे वाट. मी वाटले. तुम्हीही खाल्लात एक.

त्यानंतर तुम्ही सीलच्या टेबलाशी कधी बसला नाहीत. गिऱ्हाइकांशी बोलायचात, मापं तपासायचात, काच उचलायला हात लावायचात. पण सीलला नाही. मुकेशभाई एकदा म्हणाले, "नाना, एक करो ने, जोइए तो खरा," एक करा ना, बघू तरी. तुम्ही हात खिशात घातलेत. तो खिशात गेलेला हात मी पाच वर्षं बघत आलोय.

आपलं भांडण एकच होतं. मी म्हणायचो, नाना, काच बदलू या, रविवारी दोघं मिळून तीन तासांत होईल. तुम्ही म्हणायचात, राहू दे. मी म्हणायचो, गिऱ्हाइकं घरी येतात, बघतात. तुम्ही म्हणायचात, "बघू देत. मी दाखवतोच त्यांना. माझ्या हाताची काच पण आंधळी होते, म्हणून तोंड भरून वायदे करत नाही, असं सांगतो." मी चिडायचो. खरोखर चिडायचो! तुम्हाला वाटायचं, माझ्या काळजीनं चिडतोय. एकदा मी इतका आवाज चढवला की काकू आतून आल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "भास्कर, माझी चूक आहे, मला दिसत राहू दे." मी चपला घालून निघून आलो. स्कूटर सुभानपुऱ्यातून छाणीपर्यंत कशी आली, आठवत नाही.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तुमच्या गच्चीवर, उत्तरायणाला. तुमच्या हातात पतंग, माझ्या हातात फिरकी. गच्चीवर आपण दोघंच एका कोपऱ्यात. मी म्हटलं, "नाना, तुमच्याशी एक बोलायचंय, त्या खिडकीचं." तेवढ्यात समोरचा पतंग कापला गेला आणि तुम्ही "काप्यो छे!" म्हणून अशी उडी मारलीत की फिरकी माझ्या हातातून पडली. मग मीच म्हटलं, जाऊ दे. सोयीचं वाटलं मला ते.

आणि दुसऱ्यांदा तर तोंडावर आलं होतं. मी विचारलं, "नाना, सील नसेल हो. दाण्यांतच काही असलं तर?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी तुमची समजूत काढतोय. म्हणालात, "दाणे तू भरले होतेस. तिथे मला शंका घ्यायचं कारण नाही."

यावर माणसानं काय बोलावं, नाना? तुम्ही सांगा. एवढा विश्वास टाकल्यावर माणूस कुठल्या तोंडानं खरं बोलणार? आता कळतं, त्याच तोंडानं बोलायचं असतं. पण तेव्हा मला तुमचा तो विश्वास हवा होता. तुमच्याविषयी कळवळा होता तो खोटा नव्हता, पण त्याहून जास्त मला ते हवं होतं: इथे, या परक्या गावात, एक माणूस आहे ज्याला माझ्या हाताची शंका नाही.

तुम्ही गेलात त्या मंगळवारी मी सयाजीगंजला एका हॉस्टेलच्या खिडक्यांची मापं घेत होतो तेव्हा मुकेशभाईंचा फोन आला. पुढचं सगळं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. मी अर्धी मापं चुकीची लिहून आलो, हे मात्र सांगतो. दुसऱ्या आठवड्यात परत जाऊन घेतली.

तर सातव्या दिवशी मी खिडकी काढायला बसलो. काकू समोर खुर्चीवर. चौकट सोडवून काच खाली उतरवली, जुन्या चादरीवर आडवी ठेवली. आता सील कापून दोन काचा वेगळ्या करायच्या. काच तशीच उचलून नेली असती तरी चाललं असतं. पण मला ते सील बघायचं होतं. कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, खरंच कच्चं सापडावं, असं मला वाटत होतं. एवढा नीच विचार घेऊन मी बसलो होतो, नाना. तुम्ही गेल्यावरसुद्धा.

चाकू लावला. शिरेना. दुसरा कोपरा, तिसरा. पातं गरम करून बघितलं. बदललं. तासभर झाला, मग दीड. काळं सील काचेला असं बसलं होतं की जणू कालच लावलंय. सहा पावसाळे, सहा उन्हाळे, आणि एक केस जाईल एवढी फट नाही.

काकू म्हणाल्या, "अरे, इतकं का अडतंय? खराबच होतं ना ते?"

मी चाकू खाली ठेवला. म्हटलं, "काकू, सील खराब नव्हतं." आणि सगळं सांगितलं. सातम-आठम, डबा, ऊन, पेढे, सगळं. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो, म्हणून थांबलो नाही.

काकू चादरीवरच्या काचेकडे बघत राहिल्या. मीच बोललो, घाबरून. म्हटलं, "काकू, मला कधीकधी वाटतं, नानांना माहीत असावं. मला लाजवायचं नाही म्हणून ते..."

"नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना माहीत असतं तर त्यांनी सीलवरचा हात सोडला नसता."

मग त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्यांना मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणत आले. तुम्ही ऐकत होतात."

तुम्ही. नाना, चौदा वर्षांत काकू मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाल्या. अरे भास्कर, मेल्या, जेवलास का, यातलं काही नाही. मी म्हटलं, "काकू, माफ करा." त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

नवी काच मी त्यानंतर तिसऱ्या दिवशी बसवली. नवा, न उघडलेला डबा काकूंसमोर उघडला. समोरचा बसस्टॉप स्वच्छ दिसायला लागला. काकूंनी एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

तेराव्याला हॉल भरला होता. तुमचे मित्र आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. जेवणं झाली, गप्पा थोड्या सैल झाल्या, तेव्हा काचेवर बोट वाजवून म्हणाले, "वा! अखेर नान्याची आंधळी बारी बदलली म्हणायची. बिचाऱ्याचा हात पार गेला होता. मला म्हणाला होता तो, आप्पा, आता हातात काही राहिलं नाही."

तुम्ही असं म्हणाला होतात. आप्पांना. मला हे माहीत नव्हतं.

काकू ताकाचे ग्लास घेऊन आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. म्हटलं, "आप्पा, नानांचा हात गेला नव्हता. दाणे खराब होते. ते मी भरले होते."

आवाज फुटलाच नाही नीट. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. आप्पा म्हणाले, "हं, हं," आणि ग्लासाकडे हात केला.

काकूंनी ग्लास दिला नाही. म्हणाल्या, "आप्पांना कमी ऐकू येतं. पुन्हा सांगा."

मग मी मोठ्यानं सांगितलं. खराब आहेत हे माहीत असून भरले, आणि सहा वर्षं गप्प बसलो, हेही सांगितलं. मुकेशभाईंनी मान खाली घातली. आप्पा माझ्याकडे पाहत राहिले, मग खिडकीकडे, मग म्हणाले, "अरे, पण तो तर उगीचच..." काकूंनी त्यांच्या हातात ताक दिलं. मलाही दिलं. "घ्या," म्हणाल्या.

त्या अजून मला 'तू' म्हणत नाहीत. परवा पाण्याच्या टाकीचं काही काम होतं म्हणून फोन केला, तेव्हाही "वेळ असेल तर या" असंच. मी गेलो. जात राहीन. त्यांनी कधी 'तू' म्हणावं असं मी मनात धरत नाही. धरतो, पण मागणार नाही.

शेडमध्ये सीलच्या टेबलावर मी बसतो तेव्हा आता जागा माझी वाटत नाही. आधीही वाटायला नको होती. तुमच्या खिडकीचं सील सुटलंच नाही, मी ते शेडमध्ये काचेच्या कडांसकट कापून घेतलं, टाकलेलं नाही. चार बाजूंच्या चार काळ्या पट्ट्या. नवीन माणूस शिकायला आला की त्याच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे, याच्यात जोड शोधून दाखव.

काकूंना सांगितलं, आप्पांना दोनदा सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं ते तुम्हीच राहिलात. नाना, तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. सगळ्या कडा फिरून पाहिल्या मी, चाकू घालायला कुठे जागा मिळाली नाही.